साऊचा उगारलेला हात

साऊनं आयुष्यभर रंगमंचावर सुनेच्या थोबाडीत मारली, पण एकाही सुनेला तिचा हात लागला नाही. आवाज माझ्या पायाचा असे.

हे सांगावं लागतं, कारण हल्ली लोकांना वाटतं वादक म्हणजे नुसता बोटांचा माणूस. मी किम वाजवतो. चंद्रासारखं गोल वाद्य, दोन तारांचं. हात किमवर आणि उजवा पाय सोंगलांगवर. सोंगलांग म्हणजे मुठीएवढा लाकडी ठोकळा, पायानं दाबला की टॉक करून वाजतो आणि गाणाऱ्याला कळतं, ओळ संपली. साऊ हात उगारायची, सुनेच्या गालापासून बोटभर अंतरावरून सपकन फिरवायची आणि त्याच क्षणी मी पाय दाबायचो. पोरगी कोसळायची. समोर चटयांवर बसलेल्या बायाबापड्या एका सुरात साऊच्या आईबापांचा उद्धार करायच्या. माझा पाय एकदाही चुकला नाही. हे मीच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगणार नाही.

नाटकाचं नाव 'पैलतीरची सून'. आमच्या मंडळीच्या गुरुजींनी लिहिलेलं. जमीनदाराचा मुलगा होडीवालीच्या पोरीशी लग्न करतो. जमीनदारीण तिच्यावर सोन्याच्या कड्याच्या चोरीचा आळ घेते, चारचौघांत थोबाडीत मारते आणि तान्ह्या पोरासकट घराबाहेर काढते. मग पूर येतो, वाडी वाहून जाते आणि जमीनदारीणही बुडते. टाळ्या. पडदा. आमची नाटक मंडळी नावेतून फिरायची. भरती पाहून गाव गाठायचं, देवळाच्या अंगणात फळ्या टाकायच्या, ओहोटी लागायच्या आत पुढचं गाव. मेकाँग नदीच्या फाट्यांवर असं एक गाव दाखवा, जिथं साऊला शिव्या बसल्या नाहीत.

पण हे नाटक इथं संपत नाही. गुरुजींनी शेवटी एक प्रवेश लिहिला होता. जमीनदारीण बुडत नाही. ती आंधळी होते, काठी टेकत टेकत एका होडीच्या घाटावर येते आणि एका झोपडीत दोन घास मागते. झोपडी सुनेची असते. सून ओळखते, काही बोलत नाही, भाताचा वाडगा पुढं करते. म्हातारीला पावलांच्या आवाजावरून संशय येतो. ती हात वर करते, तोच हात, आणि सुनेचा चेहरा चाचपू लागते. गुरुजी म्हणायचे, "ह्या प्रवेशात सुनेला एकच काम आहे. तिनं मागं सरकायचं नाही. ते जमलं तर नाटक जमलं."

तो प्रवेश आम्ही एकदाच केला. साऊनं भातासाठी हात पुढं केला आणि प्रेक्षकांतून एक बाई किंचाळली, "देऊ नकोस गं! कुत्र्याला घाल तो भात!" मग उसाची चिपाडं आली. एक माझ्या किमवर बसलं. दुसऱ्या दिवशी मंडळीच्या मालकानं प्रवेश कापला. "लोकांना ती बुडालेली बघायची आहे," तो म्हणाला. "पापी नदीनं गिळला की त्यांना शांत झोप लागते." मालक चुकीचं बोलत नव्हता, म्हणून जास्त राग आला.

ही साऊ म्हणजे मुंगीलासुद्धा वळसा घालून जाणारी बाई. चूल पेटवायच्या आधी राखेत मांजरीची पिल्लं नाहीत ना, हे बघणारी. आमच्या सादेक गावच्या बाजारात मासेवालीपुढं उभी राहिली की मासेवाली टोपली झाकायची. "तुला नाही विकायचा. काल त्या लेकराला रात्रीचं बाहेर काढलंस, लाज नाही वाटली?"

साऊ हसायची. "अगं, ती पोरगी आत्ता माझ्या नावेत घोरतेय. मी तिच्यासाठीच मासा न्यायला आलेय."

"घोरेल नाहीतर काय करेल बिचारी, रडून रडून दमली असेल."

आमच्यात एक रिवाज होता. पडदा पडला की थोबाडीत मारणाऱ्यानं मार खाणाऱ्याला आल्याचा गरम चहा दोन्ही हातांनी द्यायचा. साऊ तो चहा स्वतः करायची, कुणाला करू द्यायची नाही. आणि शिव्या म्हणजे नटाची बिदागी, असं मानायची. "तामदादा, ज्या दिवशी मासेवाली हसून मासा देईल, त्या दिवशी मी नाटक सोडेन," असं मला म्हणायची.

मग तिचा मुलगा थिएन लग्नाचा झाला आणि ही बिदागी अंगाशी आली. थिएन बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. दारूला शिवत नाही, आवाज चढवत नाही. स्थळं यायची आणि नाव ऐकून परत जायची. एका मुलीच्या आईला समजवायला मी स्वतः गेलो होतो.

"मुलगा सोन्यासारखा आहे हो," ती म्हणाली. "पण घरात सासू ती आहे ना."

"अहो, ते नाटक आहे."

"नाटक असलं म्हणून काय झालं? पोटात असल्याशिवाय इतकं हुबेहूब येतं होय?"

साऊची इतकी स्तुती कुठल्याही जाणकारानं केली नसेल.

शेवटी मुलगी मिळाली ती दूरची, मधल्या किनारपट्टीवरच्या क्वांग न्गायची. तिकडं आमची मंडळी कधी पोचली नव्हती. नाव सुआंग. बारीक चणीची, कमी बोलणारी. पण लग्नाच्या सकाळी शेजारणींनी तिला गाठलंच आणि नाटकाची सगळी कथा सांगितली, हातवारे करून. सासूपुढं चहाचा पेला धरला तेव्हा तिची नजर साऊच्या हातांवरच होती. चहा साऊच्या जांभळ्या रेशमी झग्यावर सांडला. "असू दे गं," साऊ म्हणाली आणि हात वर केला. सुआंगच्या डोक्याच्या बांधणीतून एक बट सुटून डोळ्यावर आली होती, ती सारायला. सुआंगनं डोळे गच्च मिटले आणि मान फिरवली.

सगळ्यांनी पाहिलं. मागं कुणीतरी फिसकन हसलं. साऊचा हात हवेतच राहिला, मग हळूच खाली आला.

त्या दिवसापासून साऊनं सुनेसमोर हात वर केला नाही. हे मी अतिशयोक्ती करून सांगत नाही. त्यांची पडवी आणि माझी पडवी एकाच भिंतीची, मला रोज दिसे. सुआंग सकाळी घरापुढं तांदळाच्या शेवयांचं सूप विकते. साऊ तिच्याशी बोलायला आली की दोन्ही हात पाठीमागं, शाळेत तपासणीला साहेब आल्यावर उभं राहावं तशी. सुनेच्या डोक्यावरच्या फळीवरून पातेलं काढायचं असलं तर थिएनला हाक. नात झाली, तिला सुनेच्या हातातून घ्यायची असली तर साऊ खाली बसायची आणि म्हणायची, "ठेव माझ्या मांडीवर." सुआंग वाईट नव्हती. सासूच्या पायाला तेल चोळायची, तिच्यासाठी माशाचा पोटाकडचा तुकडा बाजूला काढून ठेवायची. पण हात वर गेला की मान फिरायची.

"हे त्या थोबाडीचं पाप आहे, तामदादा," साऊ एकदा म्हणाली. "लोकांनी मला बुडताना पाहिलं. माफी मागताना कुणी पाहिलंच नाही. तो शेवटचा प्रवेश तिनं एकदा पाहिला ना, तर तिची भीती जाईल."

"मग माग की माफी. घरातल्या घरात."

"कशाची मागू? मी तिला काही केलेलंच नाही."

 

मंडळी केव्हाच मोडली होती. नाव विकली, मालक गेला, गुरुजीही गेले. आणि मग सायगॉनहून विन्ह नावाचा एक तरुण दिग्दर्शक आला. त्याला 'पैलतीरची सून'चा चित्रपट करायचा होता. पडवीत बसून सूप पिता पिता तो साऊला म्हणाला, "मावशी, लहानपणी तुम्हाला बघून मी आजीच्या मांडीत तोंड लपवलं होतं. दुसरी जमीनदारीण मला डोळ्यांपुढं येतच नाही."

साऊनं एकच अट घातली. शेवटचा प्रवेश झाला पाहिजे. तिनं तो त्याला तिथंच बसून सांगितला. पोराचे डोळे भरून आले. "मावशी, हाच तर खरा चित्रपट आहे," तो म्हणाला. त्या दिवशी साऊ भिंतीपलीकडं स्वयंपाक करताना गुणगुणत होती, कितीतरी वर्षांनी.

चित्रण सुरू झालं आणि थोबाडीपाशी घोडं अडलं. कॅमेरा तोंडाजवळ. बोटभर अंतर चालेना. सुनेचं काम करणारी शहरातली पोरगी म्हणाली, "मावशी, खरंच मारा. मला काही वाटणार नाही." साऊनं हात उगारला. हात तिथंच थांबला. पुन्हा. पुन्हा. शेवटी ती पायरीवर येऊन बसली.

"तामदादा, तुमचा पाय नसला की हात जातच नाही हो."

विन्ह हुशार. त्यानं मला बोलावलं, कॅमेऱ्यामागं स्टुलावर बसवलं, पायाखाली सोंगलांग. कॅमेरा जरा तिरका वळवला. मी पाय दाबला, साऊचा हात सपकन गेला, पोरगी कोसळली, सगळे वाहवा म्हणाले. पुढं त्यांनी माझा आवाज काढून दुसराच घातला. चित्रपटगृहात ऐकला तर साऊनं पोरीला नव्हे, दरवाजाला लाथ घातली असं वाटलं. असो. ज्याचं काम त्यानं करावं.

शेवटचा प्रवेश पहाटे एका घाटावर चित्रित झाला. धुकं, काठी, भाताचा वाडगा. शहरातली ती पोरगी तसूभरही मागं सरकली नाही. मी गुरुजींना मनातल्या मनात नमस्कार केला. चित्रण संपल्यावर साऊनं तिला आल्याचा चहा दिला, दोन्ही हातांनी.

चित्रपट लागला तेव्हा आम्ही सगळे गेलो. नव्या मॉलच्या वरच्या मजल्यावर, सरकत्या जिन्यानं, म्हणजे मी साध्या जिन्यानं. साऊनं तोच जांभळा रेशमी झगा घातला होता, डाग तसाच असलेला. सुआंगला तिनं मुद्दाम शेजारी बसवलं. "शेवटपर्यंत बघ हं," असं दोनदा सांगितलं.

थोबाडीत बसली. अंधारात बायका हळहळल्या. मग पूर आला, खरोखरीचा भासणारा. वाडी वाहून गेली, साऊचा चेहरा पाण्याखाली गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि दिवे लागले.

साऊ पडद्याकडं बघत बसून राहिली. पडद्यावर नावं सरकत होती. "अजून आहे," ती म्हणाली. "बस, सुआंग. अजून आहे." झाडणारा माणूस आला तेव्हा थिएननं तिला दंडाला धरून उठवलं.

विन्हचा फोन आला. बिचारा रडकुंडीला आला होता. "मावशी, आधी काही लोकांना दाखवून बघितला. तो प्रवेश आला की लोक मोबाईल उघडायला लागायचे. पैसा घालणारे म्हणाले, बुडाली तिथंच थांबवा. मी खूप भांडलो."

"असू दे बाळा," साऊ म्हणाली. "आमच्या मालकानंही तेच केलं होतं. तेव्हा मोबाईल नव्हते, ऊस होता." फोन ठेवून ती आत गेली आणि दिवसभर बाहेर आली नाही.

पुढं जे झालं ते गुरुजींच्या सात पिढ्यांच्या डोक्यात आलं नसतं. कुणीतरी थोबाडीचा तेवढाच तुकडा कापून मोबाईलवर सोडला. पोरांनी त्यावर मजकूर चिकटवले. सोमवारची सकाळ मला मारतेय. परीक्षेचा निकाल मला मारतोय. साऊ घराघरांत पोचली. बाजारात तरुण पोरी तिला गराडा घालायच्या. "आजी, हात! हात वर करा ना!" आणि गाल पुढं करून, तोंड वेडंवाकडं करून फोटो काढायच्या. त्या जुन्या मासेवालीची मुलगीही त्यात. तिनं हसून मासा दिला, वर एक जास्तीचा दिला. साऊनं घरी येऊन तो मासा ओट्यावर ठेवला आणि मला म्हणाली, "झालं, तामदादा. आता नाटक सुटलं."

माझं डोकं फिरलं ते वेगळ्याच कारणानं. सगळ्या सादेकसाठी तो हात वर जात होता. घराचा उंबरा ओलांडला की पाठीमागं.

चांद्र पंचांगाच्या आठव्या महिन्यात आम्ही नाटकवाले आमच्या आद्यगुरूची पूजा करतो. लाल पडद्याची छोटी पेटी, आत दोन पोरांच्या रूपातली गुरूची मूर्ती, पुढं भाजलेलं डुक्कर, फळं. थी नावाचं गोड वासाचं पिवळं फळ तेवढं आणायचं नाही. मूर्तीतली पोरं त्या वासामागं पळतात आणि नटाला वाऱ्यावर सोडतात, असं आम्ही मानतो. त्या दिवशी उरलेसुरले सगळे जमतात आणि प्रत्येक जण गुरूपुढं काहीतरी सादर करतो. साऊ म्हणाली, "मी शेवटचा प्रवेश करणार. गुरूला तरी दाखवते." पण सून कोण होणार? जुन्या सुनांपैकी एक परदेशी, एक अंथरुणाला खिळलेली, बाकीच्या गेलेल्या.

मी उठलो आणि सुआंगकडं गेलो. ती सुपाचं पातेलं घासत होती.

"मला नाटक येत नाही, काका," ती म्हणाली.

"यायला नकोच. गाणं नाही, बोलणं नाही. वाडगा धरायचा आणि मागं सरकायचं नाही. बस."

ती बराच वेळ पातेल्याचा तोच भाग घासत राहिली. "तेच तर येत नाही," ती म्हणाली.

"अगं, तुझ्या सासूनं आजवर झुरळ मारलेलं नाही."

"ठाऊक आहे मला. लग्नानंतर आठवड्याभरातच कळलं." तिनं हात पुसले. "ते नाटकामुळं नाहीच, काका. माझे वडील. रोज, काही ना काही कारणानं. घरात कुणाचाही हात वर गेला की माझी मान आपोआप फिरते. थिएननं टोपी काढायला हात वर केला तरी फिरते. मनाला कळतं, मानेला कळत नाही."

"मग हे तिला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? माझ्या बापाला मीच कसं नावं ठेवू, तेही सासरी?"

मी घरी आलो आणि उगाच किमच्या खुंट्या पिळत बसलो.

पूजेच्या दिवशी दुपारी अंगणात फळ्या टाकल्या. वीस-पंचवीस म्हातारी माणसं, चहा, डुकराचा वास. मी किम घेऊन बसलो. आणि सुआंग आली. साधे काळे कपडे, हातात भाताचा वाडगा. साऊला कुणी सांगितलं नव्हतं. ती तिच्याकडं बघत राहिली, मग माझ्याकडं. मी मान खाली घालून सूर धरला.

साऊनं डोळे मिटले. काठी टेकत आली. आवाज फाटला होता, पण जागा तीच, श्वास तोच. "बाई, कुणाचं घर हे? दोन घास मिळतील का?" सुआंगनं वाडगा पुढं केला. साऊनं तो घेतला नाही. "थांब. ही पावलं माझ्या ओळखीची आहेत."

तिनं हात वर केला. मी सोंगलांगवरून पाय उचलून बाजूला ठेवला. चुकूनसुद्धा वाजायला नको होता.

सुआंगची मान फिरली.

साऊचा हात रिकाम्या हवेत चाचपडला. डोळे मिटलेले होते, तरी तिला कळलं. तोंडावरचं सगळं उतरलं. हात खाली आला आणि सवयीनं पाठीमागं निघाला. तो निम्म्यावर असतानाच सुआंगनं मनगट पकडलं. वाडगा दुसऱ्या हातात कलला होता, भात सांडत होता. तिनं तो हात ओढून आपल्या गालावर ठेवला आणि दाबून धरला.

"आई, आधी जेवा," ती म्हणाली. "भात निवतोय."

हे वाक्य नाटकात नाही. साऊनं डोळे उघडले. आंधळ्या बाईनं डोळे उघडायचे नसतात, गुरुजींनी तिला काठीनं हाणलं असतं. ती पुढची ओळ विसरली. मी सुरुवात पुन्हा वाजवली, परत वाजवली. ती उभ्या उभ्या रडत होती. शेवटी मी हात थांबवला. कुणी टाळी वाजवली नाही. आद्यगुरूलाही बहुधा वाजवावीशी वाटली नसेल.

नंतर मागच्या पायरीवर दोघी बसल्या होत्या. मध्ये आल्याचा चहा, ह्या वेळी सुनेनं केलेला. मी तारा सैल करत होतो, म्हणजे ऐकत होतो. सुआंगनं वडिलांचं सगळं सांगितलं. साऊनं चहाचा पेला खाली ठेवला.

"म्हणजे ती मी नव्हतेच?" ती म्हणाली.

"तुम्ही कधीच नव्हता, आई."

साऊ माझ्याकडं वळली. डोळे पुसत होती आणि हसतही होती. "ऐकलंत, तामदादा? एवढ्या वर्षांत एक सून मला खरीखुरी घाबरली, असं वाटत होतं. तीही दुसऱ्यालाच घाबरलेली निघाली."

"नटीच्या जातीला गर्व फार," मी म्हणालो.

सुआंगच्या कपाळावर एक बट आली होती. साऊनं सवयीनं पाठीमागं गेलेला हात पुढं आणला, हळूहळू, तिला दिसेल असा, आणि ती बट कानामागं सारली. सुआंगची मान थोडी फिरलीच. मग तिनं ती परत आणली.